दुसरी बाजू हजर नाही

जजसाहेबांकडे कुणाचं गाऱ्हाणं घेऊन जायची सोय नव्हती. माणूस शेजारी राहतो, दिवसभर व्हरांड्यात खुर्ची टाकून बसतो, आपल्यापेक्षाही म्हातारा आहे, तेव्हा त्याच्यापाशी चार शब्द बोलून मोकळं व्हावं म्हणून मी कुंपणाजवळ जायचो. आणि हा माणूस हात वर करून मला गप्प करायचा. सुनेनं माझी तंबाखूची डबी कचऱ्यात टाकली, एवढंच एकदा मी सांगायला गेलो होतो.

"सूनबाई कुठे आहेत?" जजसाहेबांनी विचारलं.

"घरात आहे."

"त्यांना बोलवा."

"कशाला? तिच्याबद्दलच तर सांगतोय."

"म्हणूनच. दुसरी बाजू हजर नाही. मी ऐकू शकत नाही."

आणि खरंच तोंड फिरवून बसले. मी म्हटलं, मग शेजारी कशाला असतो माणसाला? त्यापेक्षा कुत्रा बरा, तो कुणाचंही ऐकून घेतो. हे मराठीत म्हटलं, त्यामुळे निभावलं.

मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस. नागपूरला रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होतो. तिथे कानावर पडलं तेवढंच माझं इंग्रजी. जजसाहेब एकेक शब्द सुटा करून बोलत म्हणून कळायचं. इथे सगळं मराठीत लिहितोय, पण आमचं बोलणं तुटकंच होतं, अर्धं हातवाऱ्यांचं. मुलगा प्रदीप इथे अमेरिकेत, ॲन आर्बरला इंजिनिअर. मी रिटायर झाल्यावर त्यानं आम्हा दोघांना बोलावून घेतलं, मला आणि शांताला. आलो. बर्फ बघितला. पहिल्या हिवाळ्यातच म्हटलं, परत जाऊ. शांता म्हणाली, "काहून? तिकडे कोण बसलंय आपल्यासाठी?" शांताचं हे असं होतं. कशालाही आधी "काहून" विचारायची, मग हो म्हणायची.

तर शेजारी हे जजसाहेब. नव्वदी केव्हाच ओलांडलेली. काठीसारखे सरळ, पांढरे भुरके, उन्हाळ्यातही कोट आणि गळ्याला टाय. कचऱ्याचा डबा रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवायचा तरी कोटाचं बटण लावून मग उठायचे. एक कान पार गेलेला. म्हणायचे, "सरकारी वकील उभा राहायचा त्या बाजूचा हा कान. एवढं ऐकून ऐकून थकला." हसायचे मात्र नाहीत. विनोद केला की आणखीच गंभीर व्हायचे. बायको फार पूर्वी गेलेली, मुलगीही गेलेली. घरात त्यांचं बघायला मार्था नावाची जाडजूड बाई होती. ती त्यांना "जज" म्हणायची आणि पोरासारखी रागवायची.

मार्थाकडून आणि थोडं त्यांच्याकडून जे कळलं ते असं. शेतकऱ्याच्या घरचे. मामाच्या वकिली ऑफिसात झाडलोट करता करता कायदा वाचला. तिशी नुकतीच ओलांडली होती तेव्हा राष्ट्राध्यक्षानं फेडरल कोर्टावर नेमलं, तिकडे दूर पश्चिमेला. म्हणजे मरेपर्यंत कुणी काढू शकत नाही असा जज. आम्हाला शेडमध्ये फोरमन सकाळी ठेवून संध्याकाळी काढत असे, त्यामुळे मला ही गोष्ट फार मोठी वाटली. आणि आमच्या वस्तीत कायद्याची इज्जत मोठी. आमच्या भिंतीवर ज्यांचा फोटो आहे ते याच देशात शिकले आणि कायद्याच्या जोरावर त्यांनी आम्हाला माणसात आणलं. म्हणून जज म्हटलं की मी आपोआप उभा राहायचो. पहिले काही महिने तरी.

जजसाहेब दारूला शिवत नसत. ख्रिसमसला प्रदीपनं वाईनची बाटली नेऊन दिली, ती त्यांनी तशीच परत केली. वर कारण सांगितलं. त्यांच्या तरुणपणी या देशात दारूबंदी होती. दारू गाळली, विकली म्हणून त्यांनी किती तरी माणसं तुरुंगात धाडली. पोरं पोसायला तळघरात भट्टी लावणाऱ्या एका विधवेलाही धाडलं. मग काही वर्षांनी सरकारनं तो कायदाच मागे घेतला आणि सगळा देश प्यायला बसला. हे नाही बसले. म्हणाले, "कायदा मागे घेता येतो. त्या बाईनं आत काढलेली वर्षं मागे घेता येत नाहीत."

मी मान हलवली. मला वाटलं, वा, काय माणूस आहे. शांतानं विचारलं, "मग तेव्हाच काहून नाही सोडलं तिला?"

मी तिचं ते इंग्रजीत करून सांगितलं. जजसाहेबांनी बाटलीकडे बघितलं, शांताकडे बघितलं आणि म्हणाले, "पुढचा प्रश्न."

शांताचं आणि त्यांचं जमलं ते नागरिकत्वाच्या परीक्षेमुळे. आम्हाला पाच वर्षं झाली तसा प्रदीप मागे लागला, "आई-बाबा, अप्लाय करून टाका ना. ग्रीन कार्ड सांभाळायचं टेन्शन नको." सोपी परीक्षा असते म्हणे. देशाचे चार प्रश्न, थोडं इंग्रजी वाचायचं, मग कोर्टात हात वर करून शपथ. मला नव्हतं जमत, मी टाळत होतो. शांतानं मात्र सरळ कुंपणापाशी जाऊन जजसाहेबांना सांगितलं, "यू टीच." त्यांनी कोटाचं बटण लावलं आणि उभे राहिले. दुसऱ्या दिवसापासून वर्ग सुरू. कुंपणाच्या त्या बाजूला त्यांची खुर्ची, या बाजूला शांताचं स्टूल, आणि मी मागे तंबाखू मळत.

शिकवायचे कडक. उत्तर उभं राहून द्यायचं, मोठ्यानं. एकदा विचारलं, "घटना कुणी लिहिली?" शांता ताडकन उभी राहिली आणि आमच्या भिंतीवरच्या फोटोतल्या माणसाचं नाव सांगून मोकळी झाली. जजसाहेबांना काही कळेना. कोण हे? शांता धावत घरात गेली आणि फोटोच काढून घेऊन आली. जजसाहेबांनी चष्मा पुसला आणि बराच वेळ फोटो बघितला. मग म्हणाले, "मिसेस शांता, उत्तर चूक आहे. दुसऱ्या देशासाठी बरोबर आहे." आणि फोटो परत देताना दोन्ही हातांनी दिला. हे मी बघितलं. म्हणून तर नंतर राग जास्त आला.

वर्गाच्या बदल्यात शांता झुणका-भाकरी द्यायची. ते भाकरी काट्याचमच्यानं खायचे, आणि ती खाताना काय हाल होत असतील तुम्हीच बघा. मार्था ओरडायची, "जज, इतकं तिखट खाऊ नका, पोट!" तर म्हणायचे, "पोटाची बाजू ऐकून घेतली आहे. अपील फेटाळलं."

तो दिवस उन्हाळ्याच्या अखेरचा होता. शांताचा इंटरव्ह्यू झाला होता, पास झाली होती. माझाही कसाबसा झाला. आता फक्त शपथेचं बोलावणं यायचं होतं. शांता पेढे करून घेऊन गेली. जजसाहेबांनी पेढा हातात धरला, खाल्ला नाही. म्हणाले, "शपथ घेण्याआधी तुम्हाला एक माहीत असलं पाहिजे. तुमच्या देशातल्या एका माणसाचं नागरिकत्व मी काढून घेतलं होतं."

असं सरळ. पेढा हातात धरून.

पंजाबकडचा शेतकरी होता तो. इथल्या फौजेतून लढाईवर जाऊन आलेला. दुसऱ्या एका कोर्टानं त्याला रीतसर नागरिक करून घेतलं होतं. पुढे वरच्या कोर्टानं ठरवलं की हिंदुस्थानातली माणसं गोरी नाहीत, आणि तेव्हाचा कायदा असा की बाहेरून आलेला माणूस गोरा असेल तर नागरिक. मग सरकारनं त्याच्यावर दावा लावला, दिलेलं परत घ्या म्हणून. तो दावा आमच्या जजसाहेबांपुढे आला आणि त्यांनी कागद रद्द केले.

मी म्हटलं, "तो काय म्हणाला?"

"काही नाही. नमस्कार केला. त्याची बायको मागच्या बाकावर बसली होती. अमेरिकन होती, गोरी. टोपी मांडीवर घेऊन बसली होती. नवऱ्याचं नागरिकत्व गेलं की तिचंही जायचं, तेव्हा तसं होतं."

"ती तर इथलीच ना?"

"इथलीच."

शांताला मी सगळं मराठीत सांगत होतो. ती ऐकत होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग तिनं मला विचारलंच नाही, थेट त्यांनाच विचारलं, तिच्या इंग्रजीत. "दॅट वाईफ. व्हॉट हॅपन?"

"माहीत नाही," जजसाहेब म्हणाले. "ते माझ्यापुढे नव्हतं. माझ्यापुढे फक्त तिच्या नवऱ्याचे कागद होते."

शांतानं पेढ्यांचा डबा बंद केला. "यांना सांगा," ती मला म्हणाली, "त्या बाईचं काय झालं हे कळल्याशिवाय मी हात वर करणार नाही. ती इथली असून तिला कुणी विचारलं नाही. मला उद्या कोण विचारणार?"

मी म्हटलं, "शांता, झालं ते पन्नास-साठ वर्षांपूर्वी. तुझा काय संबंध?"

"सांगा म्हणते ना."

सांगितलं. मला वाटलं म्हातारा चिडेल. चिडले नाहीत. बटण चाचपलं आणि म्हणाले, "अर्ज ऐकला. निकाल राखून ठेवतो."

निकाल राखून ठेवतो! अहो, कोण विचारतंय तुम्हाला निकाल? बाईमाणूस एवढी तुमच्या कुंपणाशी उभी राहून शिकली. तिला म्हणा, चुकलं माझं, विचारायला पाहिजे होतं. संपला विषय. बाई साधी होती. दुसऱ्या दिवशी भाकरी घेऊन आली असती. तोंडानं एक शब्द काढायला काय जातं? पण नाही. मी रोज कुंपणापाशी जाऊन विचारायचो, "झाला का निकाल?" ते म्हणायचे, "नाही." मी म्हणायचो, "एवढा वेळ लागतो?" ते म्हणायचे, "पूर्वी लागत नसे." बस. मला इतका संताप यायचा की तंबाखू हातातच मळून मळून पूड व्हायची. प्रदीप म्हणायचा, "बाबा, प्लीज, त्यांना हॅरॅस करू नका. ही इज ओव्हर नाइंटी, यार." शांता मात्र स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांच्या व्हरांड्याकडे बघत राहायची. झुणका दोन घरचा करायची सवय लागलेली, तो तसाच करायची, आणि त्यांच्या वाट्याचा मी खायचो.

पानं लाल झाली, गळली. शांताच्या छातीत दुखायला लागलं. तिनं कुणाला सांगितलं नाही. तिथे मात्र "काहून" नाही विचारलं स्वतःला. हॉस्पिटलात नेली ती परत आली नाही.

अंत्यविधीच्या हॉलमध्ये युनिव्हर्सिटीत शिकणारा आमच्याकडचा एक मुलगा आला होता, त्यानं त्रिशरण-पंचशील म्हटलं. प्रदीप रडत होता, सून रडत होती. मला रडू येत नव्हतं. मागे वळून बघितलं तर शेवटच्या बाकावर जजसाहेब, आपली काळी टोपी मांडीवर घेऊन. त्यांना बघितलं आणि माझं डोकं फिरलं. आता आलात? आता काय निकाल द्यायला आलात? पण शांतासमोर तमाशा नको म्हणून गप्प राहिलो.

अस्थी थोड्या प्रदीप नागपूरला घेऊन गेला. थोड्या आम्ही कुंपणाजवळ मातीत घातल्या, तिचं स्टूल असायचं तिथे, आणि वर सफरचंदाचं रोप लावलं. नंतर पोस्टानं शपथेचं बोलावणं आलं. दोघांचं. तिचं तिच्या पूर्ण नावानं. मी गेलो नाही. सुनेनं समजावलं, प्रदीप ओरडला. मी म्हटलं, "तुझी आई हात वर करणार नव्हती. मी एकटा कशाला करू?"

बर्फ पडायला लागल्यावर एक दिवस मी बूट घालून सरळ जजसाहेबांच्या घरी गेलो. कुंपणावरून नाही, पुढच्या दारातून. ते स्वयंपाकघरात चाकाच्या खुर्चीत बसले होते, मार्था त्यांच्यासाठी सूप करत होती. पाय आता चालत नव्हते. टाय होता.

मी म्हटलं, "मला बोलायचं आहे. आणि दुसरी बाजू हजर नाही असं म्हणू नका. दुसरी बाजू तुम्हीच आहात, समोर बसला आहात."

त्यांनी मार्थाला गॅस बंद करायला सांगितलं. "बोला."

बोललो. माझ्या फुटक्या इंग्रजीत बोललो. म्हटलं, माझ्या बापाच्या गावात विहीर होती, आम्हाला तिला शिवायची बंदी. माझी आजी ओंजळ धरून उभी राहायची, कुणी वरून पाणी घालेल म्हणून. पाटील वाईट नव्हता. सणासुदीला धान्य द्यायचा. पण पाणी विचारलं की म्हणायचा, रीत आहे, मी काय करू. तुम्ही म्हणता कायदा होता, मी काय करू. आमचा पाटील अडाणी होता. तुम्ही तर शिकलेले. त्यानं माझ्या आजीला कधी विचारलं नाही की बाई, पाणी नाही मिळालं तर तू घरी जाऊन करतेस काय. तुम्हीही त्या बाईला विचारलं नाही. माझ्या बायकोनं विचारलं तर निकाल राखून ठेवला. ती वाट बघत गेली. तुमच्या राखून ठेवण्यात गेली.

शेवटचं मी मराठीतच बोललो. मार्था डोळे पुसत होती. तिला किती कळलं देव जाणे.

इतका वेळ जजसाहेबांनी चांगला कान माझ्याकडे केला होता. आता तोंड वळवून सरळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ती बाई. मागच्या बाकावरची. तिच्याबद्दल मला तुम्हाला सांगायचं..."

आणि मी हात वर केला. का केला कोण जाणे. इतके दिवस हेच ऐकायला मी तडफडत होतो. पण त्या क्षणी मला वाटलं, मला काय सांगताय? मी विचारलंच नव्हतं. मी तर म्हणत होतो, तुझा काय संबंध. विचारणारी तिथे बाहेर बर्फाखाली आहे. म्हटलं, "थांबा. दुसरी बाजू हजर नाही. मी ऐकू शकत नाही."

मार्था म्हणाली, "अरे देवा."

जजसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना एवढं बघताना मी कधी बघितलं नव्हतं. मग कोटाचं बटण लावलं. "बरोबर आहे," म्हणाले. "मार्था, माझा ओव्हरकोट."

मार्था नको नको म्हणत होती, बाहेर थंडी बघा, डॉक्टर काय म्हणाले. ऐकतो कोण. आम्ही दोघांनी मिळून खुर्ची बर्फातून ढकलत कुंपणापाशी नेली. चाकं रुतत होती. रोपाजवळ आल्यावर त्यांनी मला खूण केली, उभं करा. एका बाजूनं मार्था, एका बाजूनं मी, असे उभे केले. मग त्यांनी कुंपण दोन्ही हातांनी धरलं आणि आम्हाला म्हणाले, "तुम्ही मागे व्हा."

"मी तिचा नवरा आहे."

"अर्ज तुमचा नव्हता."

गेलो मागे. गॅरेजपर्यंत. टोपी काढून ते त्या वीतभर काडीशी बोलत होते. थोडं नाही, बरंच. वारा उलटा होता. मला फक्त "मिसेस शांता" एवढं ऐकू आलं, तेही दोनदा. मधे एकदा थांबले, जसं काही तिनं काही विचारलं. काय विचारलं असणार मला माहीत आहे. मग पुन्हा बोलले. मग मान खाली घातली, आणि मार्था धावली.

खुर्चीत बसवताना मी विचारलं, "काय सांगितलं?"

"ज्यांनी विचारलं त्यांना सांगितलं."

"आणि मी?"

"तुम्ही ऐकणार नाही म्हणालात."

माझंच वाक्य. नाही, त्यांचंच वाक्य, माझ्या तोंडून. मी बर्फाला लाथ मारली आणि घरी आलो.

बर्फ वितळायच्या आधी जजसाहेब गेले, झोपेत. पेपरात फोटो आला, मोठमोठे निकाल छापून आले, दारूबंदीचे, रेल्वेच्या संपाचे. त्या पंजाबी माणसाचं नाव नव्हतं. त्याच्या बायकोचं तर कुठून असणार. मार्था घर आवरत होती तेव्हा मी गेलो. म्हटलं, तुला तरी काही म्हणाले होते का?

मार्था खोक्यावर बसली. म्हणाली, "शांतानं विचारलं त्या दिवसापासून ते मला फोन लावायला सांगत होते. तिकडची चर्च, जुनी कोर्टं, म्हाताऱ्या वकिलांच्या पोरी, कोण कोण. रोज. बिल बघून मला चक्कर आली. मी म्हणायचे, जज, कशाला? ते म्हणायचे, निकाल बाकी आहे."

"मग? सापडली?"

"शेवटचा फोन आला तो त्यांनी स्वतः घेतला. चांगल्या कानाला लावला आणि मला बाहेर जायला सांगितलं."

"आणि मग?"

"मग काही नाही. ठेवला आणि सूप मागितलं. तुम्ही आलात तो दिवस."

म्हणजे माहीत होतं म्हाताऱ्याला. माझ्यासमोर बसला तेव्हा माहीत होतं. ती बाई कुठे गेली, नवऱ्याबरोबर राहिली की सोडून गेली, तिला तिचा देश परत मिळाला की नाही, सगळं त्याच्या ओठांवर होतं आणि मी हात वर केला.

अजूनही प्रदीप दर थोड्या दिवसांनी विचारतो, "बाबा, शपथेचं काय?" कधी सुनेशी भांडून माझ्याकडे येतो, तिच्याबद्दल सांगायला लागतो. मी म्हणतो, तिला बोलव आधी. तो म्हणतो, "तुम्ही पण ना, त्या जजसारखे झालात." होऊ दे.

सफरचंदाला यंदा पहिली फुलं आली. मी सकाळी तिथे स्टूल टाकून बसतो. कुंपणापलीकडे आता तरुण जोडपं राहायला आलं आहे, चांगलं आहे, हात हलवतं. मी शांताला म्हणतो, तुला तर सांगितलंय त्यांनी, तू तरी सांग. हात वर करू की नको? जजसाहेबही तिकडेच गेले. दोन्ही बाजू आता एकमेकांसमोर हजर आहेत, आणि मी इकडे एकटा हात खाली घेऊन बसलो आहे.